कोलोनियाच्या पांढऱ्या चकत्या

कोलोनिया गल्लीत शनिवारी सकाळी जिच्या खिडकीच्या काचा पुसलेल्या नसतील, ती बाई एक तर मेलेली असते, नाहीतर पोलिसांनी धरून नेलेली असते. तिसरं कारण गल्ली मानत नाही. आजारपण तर नाहीच नाही. एल्फ्रीडाने एकदा फणफणत्या तापात स्टुलावर चढून काचा पुसल्या होत्या आणि वरच्या मजल्यावरची क्लारा "अगं बये, पडशील, मरशील!" असं ओरडत स्टूल धरून उभी होती. काचा पुसू नकोस असं मात्र ती एकदाही म्हणाली नाही.

एका अंगाला खाण, तिच्या पलीकडे कोळशाचा कोक करायची भट्टी आणि लाल विटांच्या प्रत्येक घरावर चार-चार धुराडी. खाणीत जन्म घालवलेल्या माणसाला पेन्शनीबरोबर कोळसा मिळतो, तो माणूस गेला तरी बायकोला मिळतो. आता मिळालेला कोळसा जाळायचा नाही तर काय लोणचं घालायचं? अशा काळ्या गावात पांढरा पडदा पांढरा ठेवायचा म्हणजे बाईची सगळी अब्रू त्यातच. फ्रीडाच्या (एल्फ्रीडा म्हणायला वेळ आहे कुणाला?) पडद्यांकडे बोट दाखवून इथल्या सासवा सुनांना टोमणे मारत आल्या आहेत.

आणि नेमक्या याच बाईच्या खिडकीला डॉक्टर सबीनाने सतरा वर्षांपूर्वी धूळ मोजायचा डबा टांगला.

डॉक्टरबाई क्राकोव शहरातल्या. म्हणजे परक्या. अशा माणसाला आमच्या सिलेसियात, या खाणींच्या मुलखात, ‘गोरोल’ म्हणतात, आणि ते काही लाडाने म्हणत नाहीत. बाईंना एकच गोष्ट शोधायची होती. डोळ्याला दिसतही नाही इतकी बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली, तर माणसं लवकर मरतात का? त्यासाठी त्यांनी या गावातल्या बऱ्याच गल्ल्या धरल्या, डोंगरातलं एक स्वच्छ हवेचं गावही धरलं, आणि हजारो माणसांचा पिच्छा पुरवला. कोण सिगरेट ओढतं, कोण खाणीत उतरलेलं, कोणाचं वजन किती, आणि वर्षाच्या शेवटी कोण उरलं, कोण गेलं. पहिल्या वर्षी गल्लीत सगळे म्हणाले, ही मोजून मोजून कंटाळेल. एका वर्षात पळ काढील.

डब्यात एक छोटा पंप होता. तो घुर्रघुर्र करत हवा ओढायचा आणि ती हवा एका पांढऱ्या, गाळणीसारख्या चकतीतून जायची, धूळ चकतीवर अडकायची. दर हिवाळ्यात महिनाभर डबा लावायचा. महिना झाला की डॉक्टरबाई यायच्या, चकती पाकिटात घालायच्या, पाकिटावर घराचं नाव लिहायच्या आणि क्राकोवला नेऊन तिचं वजन करायच्या. चकती पडली-भिजली तर असू दे म्हणून त्या दर हिवाळ्यात प्रत्येक घरी दोन-दोन जास्तीच्या देऊन ठेवायच्या. इथेच सगळं बोंबललं.

त्या पहिल्या हिवाळ्यात डॉक्टरबाई येणार त्याच्या आदल्या दिवशी फ्रीडाने सहज डब्याचं झाकण उघडलं. चकती बुटाच्या पॉलिशसारखी काळी! येशू-मारिया! आणि पाकिटावर काय लिहिणार? तिचं आडनाव! कुचेरा, कोलोनिया गल्ली. तिकडे क्राकोवात पांढऱ्या कोटातल्या बाया ती चिमट्यात धरून म्हणणार, ही कोण गं घाणेरडी, कधी घर झाडते की नाही? फ्रीडाचं अंग शरमेने तापलं. तिने ती चकती चुलीत टाकली आणि डब्यात नवी बसवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी काढली तेव्हा ती नुसती जराशी पिवळट झाली होती. फ्रीडाने त्यांना खसखशीचा केक वाढला.

आठवडाभराने वरच्या मजल्याची पाळी आली, तेव्हा क्लारा आपली काळी चकती पदराखाली लपवल्यासारखी एप्रनखाली घेऊन आली. "फ्रीडे, नाक कापलं गं माझं!" फ्रीडाने तिला युक्ती सांगितली. क्लाराला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. त्या हिवाळ्यापासूनच कोलोनियातली प्रत्येक बाई डॉक्टरबाई येण्याच्या आदल्या दिवशी चकती बदलू लागली. आपण कुणाला फसवतोय असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर टेबलावरची चादर बदलतोच ना माणूस? तसंच हे.

डॉक्टरबाई मात्र पळाल्या नाहीत. वर्षामागून वर्ष बर्फात, चिखलात, कधी तुटक्या बुटांनी त्या यायच्या. त्यांना सगळ्यांची नावं पाठ. क्लाराच्या नवऱ्याचा डावा गुडघा दुखतो की उजवा हे क्लारा विसरेल, त्या विसरायच्या नाहीत. कुणी गेलं तर दफनाला यायच्या आणि मागे, दाराशी उभ्या राहायच्या. फ्रीडाचा नवरा आलोइस गेला तेव्हा आल्या. खाणीची धूळ, दुसरं काय, असं सगळे म्हणाले.

मग रूटा गेली. फ्रीडाची एकुलती एक. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, बेकरीत काम करणारी, हसली की गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. सिगरेट नाही, दारू नाही, खाणीचं तोंड पाहिलेलं नाही. कोळशाची बादली घेऊन जिना चढताना वरच्या पायरीवर बसली आणि उठलीच नाही. हृदय कमजोर होतं, देवाची मर्जी, असं पाद्री म्हणाले, शेजारणीही म्हणाल्या. त्या दिवशी डॉक्टरबाई दाराशी उभ्या राहिल्या नाहीत, आत येऊन फ्रीडाच्या शेजारी बसल्या.

"ओमा," त्या म्हणाल्या. गल्लीतली पोरं फ्रीडाला आजी म्हणून ओमा म्हणतात, तेच त्यांनी उचललं होतं. "आलोइसचं खाणीवर ढकलता येतं. पण रूटा? खाणीत कधी न उतरलेल्या बायका या गल्लीत फार जातात, आणि फार लवकर जातात. का जातात ते मी शोधल्याशिवाय राहणार नाही."

त्या दिवसापासून फ्रीडाच्या लेखी ती बाई गोरोल राहिली नाही.

तर गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. डॉक्टरबाई आल्या त्या तोंड उतरलेल्या. केकला हात लावेनात. फ्रीडाने खोदून विचारलं तेव्हा त्यांनी पिशवीतून एक मोठा कागद काढून टेबलावर पसरला. त्यावर ठिपकेच ठिपके.

"एक ठिपका म्हणजे एक गल्ली," त्यांनी समजावलं. "उजवीकडे जावं तसतशी धूळ जास्त. वर जावं तसतसे मृत्यू जास्त. बघा, हे डोंगरातलं गाव, खाली डाव्या कोपऱ्यात. धूळ कमी, मरणं कमी. ही स्टेशनची गल्ली, ही बाजाराची. कसे एका रेषेत चढत गेलेत, दिसतंय?"

"दिसतंय की. आणि हा एकटा तिकडे वर काय करतोय? डाव्या बाजूला?"

"ही तुमची कोलोनिया."

फ्रीडा चष्मा नाकावर ढकलून वाकली.

"सगळ्यांत जास्त मृत्यू इथे, आणि धूळ जवळजवळ डोंगरातल्याइतकी कमी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तीनदा पंप बदलले मी. डबे तपासले. काही दोष नाही. पुढच्या महिन्यात चर्चच्या सभागृहात बैठक आहे. घरं ऊबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याची पाइपलाइन कोणत्या गल्ल्यांना द्यायची ते ठरणार. पाइप आला की घरोघरच्या चुली बंद. पण उपमहापौर कोसोक आत्तापासून म्हणतायत, बाईंच्या आकड्यांप्रमाणे कोलोनियाची हवा अगदी झकास आहे, मग तिथे पाइप कशाला? आणि इतक्या चांगल्या हवेत माणसं मरतात, म्हणजे धुळीचा नि मरण्याचा संबंधच नाही!"

"मग हा एक ठिपका खोडून टाका ना. त्याच्यावाचून काय अडलंय?"

"माझे साहेबही तेच म्हणाले. कोलोनिया वगळा, रेषा सुतासारखी सरळ होते." बाईंनी कागदाची घडी घातली. "पण ओमा, त्या ठिपक्यात माणसं आहेत. आलोइस आहे, रूटा आहे. माझ्या सोयीची नाहीत म्हणून वगळू? मग सतरा वर्षं मी काय केलं? जे आहे ते आहे. मी चुकले असेन तर चुकले, तसं सभेत सांगीन."

फ्रीडाच्या हातातली किटली तशीच राहिली. ठिपका डाव्या बाजूला का आहे, ते जगात एका माणसाला ठाऊक होतं आणि ते माणूस तिच्याच चपलांत उभं होतं. तिने चहा ओतला, चकत्यांचं नाव काढलं नाही. डॉक्टरबाई निघून गेल्या. त्या गेल्यावर फ्रीडा खुर्चीवर मटकन बसली आणि स्वतःला नाही नाही ते बोलली.

संध्याकाळी तिने क्लाराला गाठलं.

"मी सांगून टाकणार आहे," ती म्हणाली.

"काय सांगणार? आणि कुणाला?"

"चकत्यांचं. सभेत."

"वीज पडो तुझ्यावर!" क्लारा किंचाळली. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? सबंध गावासमोर सांगणार की कोलोनियाच्या खिडक्यांत काजळी असते? अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. बाजारगल्लीच्या त्या भवान्या वर्षभर टाळ्या पिटतील!"

"आणि डॉक्टरबाई तोंडावर पडतील त्याचं काय?"

"त्या शिकलेल्या आहेत, उठतील. आपण पडलो तर कोण उचलणार? तुला तुझी लाज काढायची तर काढ. आमची वेशीवर टांगू नकोस."

"बाई लबाडी करायला तयार नाही म्हणून बुडतेय क्लारे. एक ठिपका खोडला असता तर सुटली असती. तिने खोडला नाही. आपल्या माणसांसाठी खोडला नाही."

"मग तिला सांग जाऊन हळूच, कानात."

"कानात सांगितलं तर कोसोक म्हणेल बाईने आयत्या वेळी रचलं. मला पाठ आहे तो."

क्लाराने दार आपटलं. त्यानंतर सभेपर्यंत ती फ्रीडाशी बोलली नाही, आणि गल्लीतल्या निम्म्या बायाही बोलल्या नाहीत. फ्रीडाचंही काही धैर्य उतू जात नव्हतं, खोटं कशाला सांगू? सभेला निघताना तिने ठरवलं होतं की मागे बसायचं आणि बघायचं. कदाचित तशी वेळच येणार नाही.

रविवारी दुपारी सभागृह गच्च भरलं. डॉक्टरबाईंनी कागद भिंतीवर लावला आणि सगळं सांगितलं, साध्या भाषेत, कुठेही पांडित्य न पाजळता. फुप्फुसंच नव्हे, हृदयसुद्धा कसं थकतं. एका दिवसाच्या धुराने नाही तर वर्षांच्या धुराने. मग त्यांनी स्वतःच काठी त्या एकट्या ठिपक्यावर ठेवली.

"हा मात्र मला समजलेला नाही," त्या म्हणाल्या.

कोसोक उठले. पोट पुढे, अंगठा पट्ट्यात. "बाईसाहेब, आम्हाला समजलाय! कोलोनियाची हवा उत्तम, पण तिथले लोक डुकराची चरबी खातात आणि वर वोडका पितात. चरबीला पाइपलाइन काय करणार?" लोक हसले. "सतरा वर्षं सरकारचा पैसा खाल्लात आणि अखेर काय, तर समजलेला नाही?"

डॉक्टरबाईंची मान खाली गेली नाही. "नाही समजला," त्या पुन्हा म्हणाल्या. "जे मला माहीत नाही ते माहीत आहे असं मी म्हणणार नाही." आवाज मात्र कापला.

तो कापलेला आवाज फ्रीडाला सोसवला नाही. एवढी मोठी बाई, आणि माझ्या चुलीतल्या राखेपायी भर सभेत खाली पाहायची पाळी तिच्यावर! ती उठली.

"कोसोकसाहेब, तोंड आवरा. तुमची आई आमच्याच गल्लीत मेली, आणि ती वोडका पीत नव्हती."

मग ती भिंतीवरच्या कागदाकडे वळली.

"डॉक्टरबाई, आकडे खोटे आहेत. तुमचे नाहीत, आमचे. चकत्या काळ्याकुट्ट व्हायच्या. पाकिटावर आमचं नाव जाणार म्हणून आम्ही तुम्ही येण्याच्या आदल्या दिवशी त्या चुलीत टाकायचो आणि नव्या लावायचो. मी सुरुवात केली. बाकीच्यांना मीच शिकवलं. तुम्ही नेल्यात त्या एका दिवसाच्या चकत्या होत्या, महिन्याच्या नाही."

आधी कुणीतरी फिदकन हसलं. मग बाजारगल्लीच्या बाया खो खो हसू लागल्या. "म्हणजे त्या पांढऱ्या पडद्यांमागे काजळी होती म्हणायची!" फ्रीडाचे कान लाल झाले, पण ती खाली बसली नाही. चार रांगा पुढे क्लारा ताठ बसून होती आणि मागे वळून पाहत नव्हती.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्या रांगांमधून वाट काढत फ्रीडापर्यंत आल्या. चेहरा पांढराफटक. "दर वर्षी?" त्यांनी विचारलं.

"दर वर्षी."

"म्हणजे कोलोनियाच्या धुळीचे सगळे आकडे फेकून द्यावे लागतील," त्या हळू म्हणाल्या.

हा विचार फ्रीडाने केलाच नव्हता. "मग रूटा? तीही जाईल का कागदावरून?"

"नाही ओमा. धूळ खोडीन. गेलेलं माणूस मी खोडत नाही. फक्त तिची जागा आता मला माहीत नाही. एक खरा हिवाळा मिळाला तर शोधता येईल."

कोसोकांनी संधी साधली. म्हणाले, पुरावा नाही म्हणजे पाइप नाही. हिवाळाभर मोजा, वसंतात या, तोवर निर्णय थांबला. लोक उठले. बाहेर पडताना फ्रीडाला बाजूने जाणाऱ्या बायांचे टोमणे ऐकू येत होते. ते ऐकू येऊ नयेत म्हणून ती मोठ्याने नाक शिंकरत घरी आली.

दुसऱ्याच दिवशी ती दारोदार फिरली. "जास्तीच्या चकत्या इकडे द्या," एवढंच म्हणायची. कुणी दिल्या, कुणी चार शब्द ऐकवून दिल्या. क्लाराने दार उघडलंच नाही. फ्रीडा खाली आली तोच वरची खिडकी उघडली आणि दोन पांढऱ्या चकत्या तिच्या डोक्यावर येऊन आपटल्या. "घे! घाल तुझ्या डोंबलावर!" खिडकी धाडकन बंद. पण दिल्या. गल्लीने सगळ्या दिल्या.

तो हिवाळा कोलोनियाच्या बायांना फार जड गेला. खिडकीशेजारी डबा, डब्यात काय साचतंय ते प्रत्येकीला ठाऊक, आणि हात लावायचा नाही. क्लाराने तर आपल्या डब्याकडे पाठ करून काचा पुसल्या. फ्रीडा रोज झाकण उघडून बघायची. पिवळट, मग करडी, मग काळी. हे रोज आपल्या छातीत जातं, हा विचार तिने आजवर कधी केला नव्हता, कारण काळं झालेलं तिने दुसऱ्या दिवशी शिल्लकच ठेवलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी पाकिटावर ‘कुचेरा’ लिहिलं तेव्हा तिने विचारलं, "नीट वाचता येतंय ना?"

वसंतातल्या बैठकीच्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई आल्या आणि कोट न काढता कागद पसरला. ठिपके तेच. फक्त कोलोनियाचा ठिपका सरकून उजवीकडे गेला होता, सगळ्यांच्या पलीकडे. आणि रेषा खालच्या कोपऱ्यातल्या डोंगरातल्या गावापासून निघून थेट त्याच्यापर्यंत पोचत होती.

"सगळ्यांत जास्त धूळ तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. "मृत्यू जिथे होते तिथेच आहेत. आता ते का होते ते कळतंय." आनंदाची बातमी, पण त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता.

फ्रीडाने ठिपक्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे देवाची मर्जी नव्हती. कारण होतं. आणि ते कारण मी दर वर्षी स्वतःच्या हाताने चुलीत घालत होते." तिला रडू फुटलं. डॉक्टरबाईंनी तिचा खांदा घट्ट धरला. जरा वेळाने फ्रीडाने एप्रनने डोळे पुसले. "खरं सांगा बाई. माझ्या रूटाला धुळीनेच नेलं ना?"

सोपं होतं हो म्हणणं. दुसरं कुणीही म्हणालं असतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एकटीबद्दल मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत ओमा. ते कुणालाच सांगता येणार नाही. रूटासारख्या दहा बायका या गल्लीत गेल्या. हवा डोंगरातल्यासारखी असती, तर त्यातल्या दोघी-तिघी आज आपापल्या स्वयंपाकघरात असत्या. कोणत्या, ते मला माहीत नाही."

फ्रीडा तिच्याकडे पाहत राहिली. पोरीच्या आईला धीर द्यायलासुद्धा ही बाई एक शब्द जास्तीचा बोलत नाही. असं माणूस तिने आयुष्यात दुसरं पाहिलं नव्हतं. तिने उठून चांगला कोट अंगात घातला, रुमाल बांधला आणि खिडकीतून वर तोंड करून हाक मारली.

"क्लारे! तुझी नात कितीची झाली गं?"

वरची खिडकी उघडली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. "सहाची. का?"

"मग खाली उतर. कोसोककडे जायचंय." आणि डॉक्टरबाईंकडे वळून ती म्हणाली, "त्या दोघी-तिघींत माझी नसेल बाई. पण कुणाची तरी आहे ना? चला. आकडे तुम्ही सांगा, भांडते मी."